सुरुवात ॲनिमेशनपासून करावी, गेमपासून की ऑडिओबुकपासून?

नाटकाचा अनुभव आहे, लहान मुलाचा आवाज उत्तम काढता येतो, तर ॲनिमेशन, गेम आणि ऑडिओबुक यांपैकी सुरुवात कोठून करावी आणि डेमोत काय ठेवावे, असे तुम्ही विचारले आहे. माझे मत आधीच सांगून टाकते: सुरुवात ऑडिओबुकपासून करा, मात्र पैसा लवकर दिसेल ही अपेक्षा ठेवू नका.

लहान मुलाचा आवाज ही जमेची बाजू आहेच. मुलगा वयात आला की त्याचा आवाज फुटतो आणि वर्षानुवर्षे चालणाऱ्या मालिकेला ते परवडत नाही, म्हणून अशा भूमिका पुष्कळदा स्त्रियांकडे येतात. नॅन्सी कार्टराइट १९८७ पासून अमेरिकी कार्टूनमधल्या बार्ट सिम्पसन या मुलाचा आवाज देत आहेत. १९३६ साली जन्मलेल्या मासाको नोझावा यांनी १९८६ मध्ये ‘ड्रॅगन बॉल’ या जपानी ॲनिमेशन मालिकेतल्या छोट्या गोकूला आवाज दिला; पुढे तो मोठा झाला, बाप झाला, आजोबाही झाला, तरी आवाज त्यांचाच राहिला. (त्याच्या दोन्ही मुलांचे आवाजही त्याच काढतात, म्हणजे बापलेकांच्या संवादात दोन्ही बाजूंना त्याच.) नुसता बारीक आवाज काढणाऱ्या पुष्कळ असतात, त्याच आवाजात चिडता, रडता, कुजबुजता आणि दोन तासांनंतरही त्याच पट्टीत राहता येते का, हे दिग्दर्शक पाहतो.

मूळ ॲनिमेशनमध्ये बहुधा आवाज आधी मुद्रित होतो आणि हालचाली त्यावर बेतल्या जातात, त्यामुळे रंगभूमीवरून आलेल्यांना तेथे मोकळीक मिळते. डबिंगमध्ये ओठ आधीच हललेले असतात. ते वेगळे काम आहे.

गेमचे मुद्रण मात्र नाटकवाल्यांना सर्वांत चमत्कारिक वाटते. समोर सहकलाकार बहुधा नसतो, संहिता तक्त्यासारखी असते आणि ओळी कथेच्या क्रमाने येतीलच असे नाही. ‘मागे फिर!’ एवढीच ओळ असते. दिग्दर्शक सांगतो की ज्याला हे म्हणायचे तो माणूस हाताच्या अंतरावर आहे, मग मैदानाच्या टोकाला आहे, मग भिंतीपलीकडे आहे आणि शत्रूला ऐकू जाता कामा नये. प्रत्येकाचे दोन-तीन टेक लागोपाठ द्यायचे आणि पुढे सरकायचे. शिवाय किंकाळ्या, मार बसल्याचे हुंकार, उंचावरून पडणे, बुडणे हे सारे असतेच. हा भाग सत्राच्या अखेरीस ठेवण्याचा आग्रह जरूर धरा, कारण त्यानंतर घसा साध्या संवादांच्या कामाचा राहत नाही. घशावर ताण आणणारी सत्रे दोन तासांपुरती असावीत, ही अमेरिकेतील सॅग-आफ्ट्रा या कलाकार संघटनेच्या २०१६ च्या संपातील एक मागणी होती.

ऑडिओबुकचा मोबदला बहुधा तयार झालेल्या मुद्रणाच्या तासावर ठरतो, तुम्ही खर्ची घातलेल्या तासांवर नव्हे. तयार तासात साधारण नऊ हजार शब्द बसतात. नवख्या निवेदिकेला ते मुद्रित करायला दोन-तीन तास लागतात, आणि चुका काढून मुद्रण स्वच्छ करणे वेगळेच. एसीएक्ससारख्या ऑडिओबुकच्या ऑनलाइन मंचाला शांततेतील पार्श्व-आवाज उणे ६० डेसिबलच्या खाली हवा असतो, आणि पंखा किंवा फ्रीज चालू असेल तर ते साधत नाही. रिकाम्या खोलीतल्या महागड्या माइकपेक्षा कपड्यांनी भरलेल्या कपाटासमोरचा साधा माइक बरा. एवढे सोसूनही मी हेच काम आधी सुचवते, कारण अनोळखी मजकूर अडखळल्याशिवाय वाचण्याची आणि दुसऱ्या प्रकरणातल्या म्हातारीचा आवाज तिसाव्या प्रकरणात तसाच लावण्याची सवय येथेच लागते. प्रत्येक पात्राच्या आवाजाचा छोटा नमुना जपून ठेवा. पुस्तक आधी पूर्ण वाचा, नाहीतर दोनशे पाने झाल्यावर लेखक सांगतो की नायकाचा आवाज घोगरा आहे.

डेमो मिनिटभराचा पुरे, आणि प्रत्येक कामासाठी वेगळा. पहिल्या दहा सेकंदांत तुमचे सर्वोत्तम पात्र यावे. पट्ट्यांपेक्षा स्वभाव वेगळे दाखवा, आणि प्रसिद्ध पात्रांच्या नकला टाळा.

राहिला करार. सॅग-आफ्ट्राच्या गेम-कलाकारांनी जुलै २०२४ मध्ये पुन्हा संप पुकारला तो कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रश्नावर, आणि या प्रश्नाची झळ नवोदितांना आधी बसते. ‘सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी’ असे शब्द दिसले की तुमच्या आवाजाची डिजिटल प्रतिकृती करणे आणि तुमच्या आवाजावर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रणेला शिकवणे या दोन गोष्टी लेखी वगळून घ्या. ‘आम्ही तसे करतच नाही’ असे तोंडी उत्तर मिळाले, तर तेच वाक्य करारात लिहून मागा.