पिकू द्यायला तो काय आंबा आहे? मोतीबिंदूवरचे तुमचे प्रश्न

मागच्या लेखाच्या शेवटी मी सहज लिहून गेलो की मोतीबिंदूबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा, आणि मग जो काही प्रश्नांचा ढीग आला तो बघून बायको म्हणाली, ओपीडी आता घरी पण आणलीस का. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं जमणार नाही, त्यामुळे सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढलीयेत.

प्रश्न: सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. चार वर्षांपूर्वी सांगितलं होतं की मोतीबिंदू आहे पण पिकलेला नाही, पिकला की या. आता उजव्या डोळ्याची बाहुली पांढरट दिसतेय. आता पिकला म्हणायचा का? (संगमनेर)

पिकला कसला, जास्तच पिकला. हे "पिकू दे" प्रकरण पूर्वी खरं होतं बरं का, उगाच कुणी काढलेलं नाही. तेव्हा मोठा काप घेऊन आख्खा मोतीबिंदू, म्हणजे डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग, बाहेर काढायचे, तो कडक झालेला असला की सोपं जायचं, आणि नंतर तो सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड भिंगाचा चष्मा. आता उलटं आहे. आता आतल्या आत बारीक करून ओढून घेतो, त्यामुळे जितका मऊ तितकं बरं, जितका कडक आणि तपकिरी तितकी मशीनची ताकद जास्त लावावी लागते आणि बुबुळाला सूज यायची शक्यता वाढते. बरं, पूर्ण पांढरा झाला की डोळ्याचा मागचा पडदा (रेटिना) आम्हाला दिसतच नाही, मग आधी डोळ्याची सोनोग्राफी करून अंदाज घ्यावा लागतो.

आणि अजून एक, हे जरा गंभीर आहे. अति पिकलेला मोतीबिंदू आत पाझरायला लागला किंवा फुगला तर डोळ्याचं प्रेशर एकदम चढतं. डोळा लाल, डोकं फुटेल असं दुखणं आणि उलट्या. घरचे समजतात पित्त झालं, दोन दिवस पित्ताच्या गोळ्या देतात आणि त्या दोन दिवसांत डोळ्याची नस खराब होते, मग ऑपरेशन कितीही छान झालं तरी नजर येत नाही. असे पेशंट मी दरवर्षी बघतो आणि दरवेळी चिडचिड होते.

मग करायचं कधी? रोजच्या कामाला अडायला लागलं की. बसचा बोर्ड वाचता येत नाही, समोरच्या गाडीच्या लाइटने डोळे दिपतात, तांदळातले खडे दिसत नाहीत. नुसता रिपोर्टवर मोतीबिंदू लिहिलाय पण सगळं नीट दिसतंय तर घाई नाही. सासूबाईंना मात्र याच आठवड्यात दाखवा. (आणि कुणाची आजी म्हणत असेल की "बघ, माझा वाचायचा चष्मा सुटला", तर आनंद जरा आवरा. मोतीबिंदू कडक होताना डोळ्याचा नंबर मायनसकडे सरकतो म्हणून जवळचं काही दिवस छान दिसतं, एवढंच.)

प्रश्न: वय ६४, तारीख मिळालीये पण खरं सांगते प्रचंड भीती वाटते. भूल देत नाहीत म्हणे? मी जागी असताना डोळ्यात सुई? आणि मी डोळा मिटला तर? (डोंबिवली)

ताई, डोळा मिटताच येत नाही, पापण्या धरून ठेवायला छोटी क्लिप असते, त्यामुळे ती काळजी पहिली सोडा. पूर्ण बेशुद्ध सहसा करत नाहीत. बहुतेक वेळा नुसते बधीर करायचे ड्रॉप्स पुरतात. मोतीबिंदू कडक असेल किंवा पेशंट फार हलणारा असेल तर डोळ्याच्या बाजूला एक इंजेक्शन देतात, ते बुबुळात नसतं, खोबणीत असतं, टोचतं थोडं आणि मग काही तास डोळा जड.

त्या दिवशी गेल्यावर पहिला तासभर नुसते बाहुली मोठी करायचे थेंब, परत परत, कंटाळा येईल, जप करा. मग आत नेतात, पिवळट-तपकिरी आयोडीनने पापण्या आणि डोळा धुतात, हे फार महत्त्वाचं, इन्फेक्शन टाळणारी सगळ्यात मोठी गोष्ट हीच. चेहऱ्यावर कापड येतं, श्वासाला जागा असते पण कुणाकुणाला कोंडल्यासारखं होतं, तसं वाटलं तर सांगा, बाजूने हवा सोडतात. मग वर लख्ख दिवा, आणि त्यानंतर तुम्हाला जे दिसेल ते कापाकापीसारखं अजिबात नसतं. रंग हलताना दिसतात, पाण्याखालून बघितल्यासारखं. डोळ्यावरून पाणी वाहतं, मशीन टूंटूं करतं. आम्ही तिकडे दोन-अडीच मिलिमीटरचा काप घेऊन भिंगाच्या पिशवीला वर गोल खिडकी पाडतो, आतला गर मशीनच्या सुईने फोडतो, ओढून घेतो आणि घडी घातलेली नवीन लेन्स त्याच पिशवीत सोडतो, ती आत गेली की उघडते. काप इतका छोटा असतो की आपोआप बसतो, टाका लागत नाही. सगळं मिळून दहा ते वीस मिनिटं.

तुमचं काम एकच, डोकं हलवायचं नाही. खोकला आला, शिंक आली तर आधी बोला, आम्ही हात बाहेर काढतो, मग मनसोक्त खोका. आदल्या दिवशी डोक्यावरून अंघोळ करून घ्या कारण नंतर काही दिवस मिळणार नाही, काजळ-पावडर नको. बीपीची गोळी सकाळी नेहमीसारखी घ्या. उपाशी यायचं की खाऊन, शुगरच्या गोळीचं काय, हे मात्र तुमचं हॉस्पिटल सांगेल तसंच.

प्रश्न: एका ठिकाणी २८ हजार सांगितले, दुसरीकडे "लेझरने, इम्पोर्टेड लेन्स" ८५ हजार. वडिलांच्या डोळ्याचा प्रश्न आहे, पैशाकडे बघायचं नाहीये, महागडंच करू ना? (नाशिक)

थांबा थांबा. आधी तो लेझर शब्द. आपल्याकडे शंभरातल्या नव्वद लोकांना ज्याला "लेझर" म्हणून सांगितलं जातं ते फेको असतं आणि फेको म्हणजे लेझर नाही, ध्वनिलहरी. सुईचं टोक सेकंदाला ४०,००० वेळा वगैरे थरथरतं आणि गर फुटतो. अमेरिकेतल्या चार्ल्स केलमन नावाच्या डॉक्टरांनी १९६७ मध्ये हे आणलं, दाताच्या डॉक्टरकडची दात साफ करायची मशीन बघून सुचलं म्हणतात. खरं लेझरचं वेगळं मशीन आहे, ते सुरुवातीचे काप आणि गराचे तुकडे करून देतं, पण पुढे गर काढायला बहुतेक वेळा फेको लागतंच, आणि साध्या मोतीबिंदूत नजरेच्या दृष्टीने फार फरक पडत नाही.

आता लेन्स. साधी मोनोफोकल एकाच अंतराला सेट असते, बहुतेकांना लांबचं, म्हणजे टीव्ही-रस्ता छान पण पेपर वाचायला चष्मा. टोरिक म्हणजे ज्यांना मूळचा सिलिंडर नंबर (बुबुळाचा गोलावा सगळीकडे सारखा नसल्याने येणारा) जास्त आहे त्यांच्यासाठी, आणि तिथे ती पैसे वसूल आहे असं माझं मत. मल्टिफोकल किंवा ट्रायफोकल म्हणजे लांब-जवळ दोन्ही, चष्मा बराचसा सुटतो, पण ती प्रकाश वाटून देते ना, म्हणून रात्री दिव्याभोवती कडी दिसतात, अंधुक उजेडात कॉन्ट्रास्ट कमी. वडील रात्री नाशिक-मुंबई गाडी चालवत असतील तर मी दहा वेळा विचार करीन. पडद्याला शुगरचा त्रास असेल किंवा काचबिंदू पुढे गेलेला असेल तर नकोच. आणि वडिलांना आयुष्यभर मायनस नंबर असेल, चष्मा काढून पेपर वाचायची सवय असेल, तर हे डॉक्टरांना आधी सांगा, काहींना तेच जवळचं ठेवलेलं आवडतं. हे कुणी विचारत नाही आणि मग नंतर रुसवे.

इम्पोर्टेडचं काय, तर भारतात बनलेली लेन्स हलकी असते हा समज सोडा. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या मंडळींनी १९९२ मध्ये ऑरोलॅब काढून लेन्सच्या किमती इतक्या खाली आणल्या की गरिबाच्या डोळ्यातही लेन्स बसायला लागली, आणि त्या लेन्स बाहेरच्या देशांतही जातात. लेन्सपेक्षा मोजमाप महत्त्वाचं. डोळ्याची लांबी एक मिलिमीटर चुकली तर नंबर अडीच-तीनने चुकतो, मग लेन्स सोन्याची का असेना. वडील कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असतील तर मोजायच्या आधी काही दिवस बंद करावी लागते, हे सांगायला विसरू नका.

प्रश्न: ही लेन्स किती वर्षं टिकते? शरीराने नाकारली तर?

आयुष्यभर, बदलावी लागत नाही. नाकारत नाही हे कळलं तेही युद्धामुळे. विमानाच्या काचेचे प्लॅस्टिकचे तुकडे पायलटांच्या डोळ्यात घुसून तसेच शांत बसलेले हॅरॉल्ड रिडली यांनी पाहिले आणि २९ नोव्हेंबर १९४९ ला लंडनमध्ये त्याच प्रकारच्या प्लॅस्टिकची पहिली लेन्स बसवली.

प्रश्न: आईचं ऑपरेशन झालं, मावशीने वांगं, दही, भात, लिंबू सगळं बंद केलंय, "पू होतो" म्हणून. किती दिवस?

शून्य दिवस. मावशीला माझा नमस्कार सांगा आणि आईला दहीभात द्या. फक्त शुगर असेल तर पेढे वाटायच्या नादात खाऊ नका.

प्रश्न: ऑपरेशन जूनच्या पहिल्या आठवड्यात आहे. पावसाळ्यात करू नये म्हणतात. आणि वारीला जाता येईल का? माझी अठरावी वारी आहे. (बारामतीजवळ)

ऋतूचा काही संबंध नाही, माऊली. ऑपरेशन एसी थिएटरमध्ये होतं, बाहेर पाऊस असो की ऊन. पण वारीचा प्रश्न खरा आहे. पहिला आठवडा कडक पाळायचा: डोळ्यात पाणी नाही, चोळायचं नाही, रात्री प्लॅस्टिकचं झाकण लावून झोपायचं कारण झोपेत हात जातो. अंघोळ गळ्याखालून, तोंड ओल्या स्वच्छ कपड्याने पुसून. डोक्यावरून पाणी साधारण दोन आठवड्यांनी. जड उचलणं, गोठा साफ करणं, मळणीची धूळ, चुलीचा धूर, हे तीन-चार आठवडे दुसऱ्यावर सोडा. टीव्ही, मोबाइल, वाचन दुसऱ्या दिवसापासून चालतं, त्याने डोळा "फाटत" वगैरे नाही. घरात स्वयंपाक चार-पाच दिवसांनी करा पण फोडणी लांबून.

वारीत चालण्याने काही होणार नाही, होईल ते धुळीने, नदीत डुबकी मारल्याने आणि थेंब चुकल्याने. तीन आठवडे झाले असतील, तपासणीत डॉक्टर हो म्हणाले असतील तर जा, गॉगल लावा, थेंबांची पिशवी गळ्यात, आणि चंद्रभागेत डोकं बुडवायचं नाही, पाय धुवा. यंदा साष्टांग नको, हात जोडा. पण सर्जन मी असतो आणि तुम्ही माझा सल्ला विचारला असता तर म्हणालो असतो की नजर तेवढी वाईट नसेल तर ऑपरेशनच आषाढीनंतर घेऊ.

प्रश्न: थेंबांचं वेळापत्रक बघून चक्कर येते. दोन दिवस चुकले तर चालेल? छान दिसतंय आता.

नाही चालणार. आमचं काम पंधरा मिनिटांचं, तुमचं दीड महिन्याचं, आणि निकाल दोन्हीवर. अँटिबायोटिक आठवडा-दोन आठवडे, सूज कमी करणारे स्टेरॉइडचे थेंब हळूहळू कमी करत चार ते सहा आठवडे. एकदम बंद केले की सूज उसळते. आणि याच्या उलटही करू नका. माझ्याकडे एक काका आले, "गार वाटतं" म्हणून तेच थेंब सात महिने मेडिकलमधून आणून घालत होते, डोळ्याचं प्रेशर दुप्पट. एकावेळी एकच थेंब, खालची पापणी ओढून, बाटलीचं टोक डोळ्याला न लावता, दोन औषधांत पाच मिनिटं. हात धुऊन, हे वेगळं सांगायला नको पण सांगतो.

प्रश्न: चार दिवस झाले. काल छान दिसत होतं, आजपासून दुखतंय आणि धूसर झालंय. शनिवार आहे, सोमवारी दाखवलं तर?

यांना मी लगेच फोन केला, पण सगळ्यांसाठी लिहितो. पहिले एक-दोन दिवस टोचणं, पाणी येणं, कचकच, हे होतं. पण बरं वाटत असताना दुखणं वाढलं, लाली वाढली, नजर कमी झाली, तर हे इन्फेक्शन असू शकतं. फार क्वचित होतं, पण झालं तर तासांचा प्रश्न असतो, दिवसांचा नाही. त्याच दिवशी, रात्री असेल तर रात्री, डॉक्टरला उठवा. तसंच अचानक वीज चमकल्यासारखं, काळे ठिपके खूप किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखं दिसलं तर, मग ऑपरेशनला महिना झालेला असो की वर्ष, पडदा तपासून घ्या.

प्रश्न: शुगर आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे आणि प्रोस्टेटची पण. यातलं काय बंद करू?

स्वतःहून काहीच नाही. थेंबांच्या भुलेवर फेको असेल तर रक्त पातळ करायची गोळी बहुधा चालूच ठेवतात, हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. प्रोस्टेटच्या गोळीत टॅमसुलोसिन असेल तर सर्जनला नक्की सांगा, पूर्वी घेत होता आणि सोडली असली तरी, कारण त्याने बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा लुळा पडतो आणि ऑपरेशनमध्ये फडफडतो. आधी माहीत असलं की आम्ही तयारीत असतो. शुगरवाल्यांनी मागचा पडदा आधी तपासून घ्यायचाच, तिथे सूज असेल तर नुसता मोतीबिंदू काढून पूर्ण नजर येणार नाही, आणि हे आधी कळलेलं बरं.

प्रश्न: पट्टी काढल्यापासून पांढरा रंग निळसर दिसतोय, काही बिघडलं का?

काही नाही. इतकी वर्षं पिवळ्या काचेतून बघत होता, ती काच गेली. हळूहळू मेंदूला सवय होते. मोने नावाच्या प्रसिद्ध फ्रेंच चित्रकाराचं १९२३ मध्ये ऑपरेशन झालं तेव्हा त्यानेही रंगांवरून अशीच तक्रार केली होती. बाकी घरातली जळमटं आणि आरशातल्या सुरकुत्या दिसायला लागतात, त्यावर माझ्याकडे ड्रॉप्स नाहीत.

प्रश्न: दोन वर्षांनी परत धूसर. मोतीबिंदू परत आला का?

परत येत नाही. लेन्स ज्या पिशवीत ठेवली तिच्या मागच्या बाजूला जाळी धरते. ओपीडीत बसल्याबसल्या याग लेझरने (हे मात्र खरंखुरं लेझर) पाच मिनिटांत खिडकी पाडतात.

प्रश्न: आजोबा ९१ वर्षांचे. घरात दोन मतं आहेत, आता या वयात कशाला? (कराड)

आजोबांचं तिसरं मत कुणी विचारलंय का? वय आडवं येत नाही. रात्री बाथरूमला जाताना उंबरा दिसला नाही आणि खुब्याचं हाड मोडलं तर ते ऑपरेशन मोतीबिंदूपेक्षा कितीतरी मोठं असतं. त्यांना वीस मिनिटं सरळ झोपता येतंय का, झोपल्यावर धाप लागते का, एवढं घरी बघा. दाखवायला येताना सगळ्या गोळ्यांची पिशवी आणा आणि कानाचं मशीन असेल तर ते ऑपरेशनच्या दिवशी पण आणा. ते ठेवायचं की काढायचं ते आम्ही ठरवू, पण "आजोबा, खाली बघा" म्हटलेलं ऐकू येत नसेल तर आधी खुणा तरी ठरवून ठेवता येतात.