शंका-समाधान : पहाटे सहाचा वर्ग, सांगलीत दुपारी साडेतीनला

प्रश्न : मुलगी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या विद्यापीठात शिकते. सध्या सुट्टीला विश्रामबागेत घरी आहे. विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचे व्यायामाचे थेट वर्ग झूमवर भरतात. नाव नोंदवलं, लिंक आली; पण ऐन वेळी ‘फक्त अधिकृत सदस्यांसाठी’ म्हणून झूम आत घेईना. त्याआधीचा एक वर्ग वेळेच्या घोळात बुडाला. – एक पालक, सांगली

उत्तर : लिंक बरोबर असते, खातं चुकलेलं असतं. फोनवरच्या झूममध्ये मुलीचं खासगी जीमेलचं खातं उघडं असणार. त्यातून साइन आउट करायला सांगा. परत साइन इन करताना ‘एसएसओ’ (संस्थेच्या खात्यातून आत जाण्याचा) हा पर्याय निवडायचा, विद्यापीठाचं डोमेन (विद्यापीठाच्या झूमच्या पत्त्यातलं नाव) टाकायचं, तिथला आयडी-पासवर्ड द्यायचा आणि मगच ईमेलमधली लिंक दाबायची. आधी लिंक आणि मग साइन इन, असं केलंत तर पुन्हा दारातच अडकाल.

पुढची अडचण दुहेरी पडताळणीची. कोड अमेरिकेतल्या नंबरवर जातो आणि ते सिम इथे बंद असतं. फोनमध्ये ड्युओ हे पडताळणीचं ॲप आधीच जोडलेलं असेल तर त्यातला पासकोड रेंज नसतानाही मिळतो. नसेल तर विद्यापीठाच्या आयटी मदत कक्षाला ईमेल करून तात्पुरता कोड मागावा. वर्गाला पाच मिनिटं उरली असताना हे होत नाही. दोन दिवस आधी उरकून घ्या.

आता वेळ. पूर्व किनाऱ्यावर मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत घड्याळ तासभर पुढे असतं. या काळात तिथल्या वेळेत साडेनऊ तास मिळवायचे, एरवी साडेदहा. म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथला पहाटे ६ चा वर्ग इथे दुपारी ३:३० ला आणि दुपारी १२ चा रात्री ९:३० ला. संध्याकाळी ६ चा वर्ग आपल्याकडे पहाटे साडेतीनला भरतो, त्याच्या वाटेला जाऊच नये. बोटांवर हिशेब करण्यापेक्षा नोंदणीच्या ईमेलमधून वर्ग फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकावा, तिथे भारतीय वेळ आपोआप दिसते. जमणार नसेल तर जागा वेळेत रद्द करा. नाव नोंदवून न येणाऱ्यांची नोंदणी बऱ्याच ठिकाणी काही दिवस बंद ठेवतात.

प्रश्न : मीही अशाच वर्गाला बसतो, साताऱ्याहून. गोडोलीत दुसऱ्या मजल्यावर दहा बाय दहाची खोली, वायफाय नाही, रोजचा डेटा दीड जीबी. डंबेल नाहीत. वर्ग कसा जमवावा? – एक विद्यार्थी

उत्तर : झूमच्या समूहवर्गाला तासाला साधारण ८०० एमबी ते १.३ जीबी लागतात. म्हणजे दिवसभर रील पाहून संध्याकाळी वर्गाला बसलात तर अर्ध्यातच चित्र थिजेल. स्वतःचा कॅमेरा बंद ठेवला तर डेटा वाचतो, पण मग तुमची वाकलेली पाठ शिक्षकांना दिसणार नाही. पहिले काही वर्ग तरी कॅमेरा चालू असावा.

माइक मात्र बंदच. झूम आवाज येईल त्याला मोठं करून दाखवतं; कुकरची शिट्टी झाली की सगळ्यांच्या पडद्यावर तुमचं स्वयंपाकघर. शिक्षकांचं चित्र पिन करून ठेवा, म्हणजे दुसऱ्या कुणाची शिट्टी झाली तरी तुमच्या पडद्यावर शिक्षकच राहतील.

जागा मोजायची सोपी रीत : आडवं पडून हात डोक्यावर ताणा, मग दोन्ही बाजूंना पसरा. कुठेच काही लागलं नाही तर पुरे, साधारण आठ बाय सहा फूट. फोन आडवा धरून सहा-सात फुटांवर, स्टुलावर पिठाच्या डब्याला टेकवून ठेवावा; मॅटवर झोपून करायचे प्रकार आले की खाली घ्यावा. फरशीवर मोजे घालून करू नका, पाय सटकतो. योगामॅटने उडीचा दणका कमी होत नाही, खालच्यांच्या पंख्यापर्यंत पोचतो. जंपिंग जॅकऐवजी (उडी मारत हात-पाय फाकवण्याऐवजी) एकेक पाय बाजूला टाकत हात वर न्या.

डंबेलला एक लिटरची बाटली पुरते : पाणी भरलं तर एक किलो, कोरडी वाळू भरली तर दीड किलोच्या वर. झाकणाला चिकटपट्टी लावा.

प्रश्न : मुलीच्या लिंकवर मीही शेजारी उभी राहून केलं तर चालेल का? वय ५२, बीपीची गोळी चालू आहे. – एक गृहिणी, मिरज

उत्तर : सभासदत्व आणि जबाबदारीचा फॉर्म एकेका माणसाचा असतो, मुलीच्या नावात तुम्ही बसत नाही. कुटुंबीयांना वेगळी नोंदणी मिळते का, हे तिला विभागाला विचारायला सांगा. नोंदणीत अनेकदा पार-क्यू नावाची सात प्रश्नांची तब्येतीची यादी येते. त्यात बीपीचा प्रश्न असतो. तिथे खरं लिहा आणि डॉक्टरांना गोळीचं नाव दाखवून विचारा. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्यांनी नाडी मुळातच हळू राहते, त्यामुळे मनगटी घड्याळातल्या नाडीच्या आकड्यावर विसंबू नका. व्यायाम करताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढाच दम लागू द्या. छातीत दाब किंवा चक्कर वाटली तर वर्ग संपायची वाट न पाहता तिथेच थांबा.