वास्तुकला, स्ट्रक्चर आणि सर्व्हिसेस (एसी, वीज, पाणी) एकत्र शिकवणारी पदवी घ्यावी का?

जरूर घ्या, पण स्टुडिओ, म्हणजे प्रत्यक्ष डिझाइन करायचा वर्ग, सगळ्यांचा एकत्र असेल तरच. वेगवेगळ्या विभागांचे पेपर एका गुणपत्रिकेत आले म्हणून काही साधत नाही. साधं उदाहरण: ६०० मिमी उंचीचा बीम, त्याखालून एसीचा डक्ट, त्याखाली फॉल्स सीलिंग. तिघांनी आपापली ड्रॉइंग्ज स्वतंत्र काढली की छत खाली येतं, खिडकीचा वरचा भाग झाकला जातो आणि खोलीतला उजेड जातो. हा वाद पहिल्याच स्केचवर व्हायला हवा, साइटवर नव्हे! प्रसिद्ध स्ट्रक्चरल इंजिनिअर ओव्ह अरुप आधी तत्त्वज्ञान शिकले, मग इंजिनिअरिंग. १९७० च्या भाषणात त्यांनी ‘टोटल आर्किटेक्चर’चाच, म्हणजे डिझाइनचे सगळे निर्णय एकत्र घेण्याचाच, आग्रह धरला होता. प्रवेशाआधी एक मात्र नक्की विचारा: या पदवीवर आर्किटेक्ट म्हणून नोंदणी होते का? अशा सगळ्याच पदव्यांवर ती होत नाही.