कॅनडाचं पीआर कार्ड संपलंय, भारतात जाऊन परत येता येईल का?

भारतीय पासपोर्ट, गेल्या महिन्यात संपलेलं पीआर कार्ड आणि आईच्या ऑपरेशनसाठी तातडीने पुण्याला जायचंय, असं तुम्ही लिहिलंय. आधी धास्ती सोडा. मुदत संपते ती कार्डाची, पीआर म्हणजे कॅनडात कायम राहण्याचा दर्जा शाबूत राहतो.

अडचण आहे ती परतीच्या विमानाची. कॅनडाच्या दारात पोचलेल्या पीआरवाल्याला आत घ्यावंच लागतं, पण विमान कंपनीने तिथवर नेलं तर ना! वैध कार्ड किंवा पीआर ट्रॅव्हल डॉक्युमेंट, म्हणजे पीआरटीडी, यांपैकी एक लागतंच. मुंबईला चेक-इनच्या रांगेत माझ्यापुढे एक काका होते. काउंटरवरच्या मुलीने कार्डावरच्या तारखेवर नख टेकवलं आणि सुपरवायझरला बोलावलं. काका ब्रॅम्प्टनच्या घराची टॅक्स पावती दाखवतायत, पगाराची स्लिप दाखवतायत. तिला त्याचं काय? काट्यावर चढवलेल्या बॅगा खाली उतरवाव्या लागल्या.

पीआरटीडीचा अर्ज कॅनडाबाहेर असतानाच, ऑनलाइन करायचा. फी 50 कॅनेडियन डॉलर. वेळ किती लागेल याचा भरवसा नाही, म्हणून पुण्यात पाय ठेवल्या ठेवल्या करा. पण त्याआधी दिवस मोजा. मागच्या पाच वर्षांत 730 दिवस कॅनडात भरले असतील तर निर्धास्त राहा. भरत नसतील तर निघण्याआधी वकिलाला गाठा, कारण या अर्जात तुमचा पीआरच तपासला जातो. नकार आला तर अपिलाला 60 दिवस मिळतात.

निघायला थोडा अवधी हाताशी असेल तर कार्डाच्या नूतनीकरणाचा अर्ज कॅनडातूनच, 'अर्जंट' लिहून टाका. घरच्यांचं गंभीर आजारपण त्यात चालतं. हॉस्पिटलचं पत्र आणि तिकीट जोडा. सुट्टीसाठी मात्र कोणी घाई करत नाही.

तिकीट लंडनमार्गे काढू नका. हीथ्रोला विमान बदलायला आपल्या पासपोर्टवर ट्रान्झिट व्हिसा लागतो. त्यातून सूट मिळते ती वैध पीआर कार्डावर किंवा अमेरिकेच्या वैध व्हिसासारख्या कागदांवर, म्हणजे यांतलं काही नसेल तर तुम्ही जातानाच अडकाल.

अमेरिकेचा व्हिसा असेल तर परतताना कॅनडाच्या सीमेलगतच्या अमेरिकी शहरात, बफेलोला उतरून मित्राच्या गाडीने सीमेवरचा पूल ओलांडता येतो. हे कायदेशीर आहे, पण गाडी खाजगीच हवी, बस चालत नाही. आणि कुणी एजंट 'व्हिजिटर व्हिसा काढून देतो' म्हणाला तर पैसे देऊ नका, पीआर असताना तो मिळत नाही.