मुलीला दोन-दोन, पाच-पाचच्या टप्प्याने मोजायला घरी कसं शिकवू?

तुम्ही लिहिलंय की मुलगी साडेपाच वर्षांची आहे, शंभरपर्यंत नीट मोजते, 'दोन, चार, सहा, आठ' वीसपर्यंत घडाघडा म्हणते. पण वीसनंतर अडते, आणि समोर वस्तू ठेवल्या की पुन्हा एकापासून मोजायला लागते. यातलं वीसनंतर अडणं किरकोळ आहे. वस्तू दिसल्या की टप्पे सोडून देते, खरी अडचण तिथे आहे. आधी तेवढंच हाती घ्या.

माझ्या मुलाच्या वेळी मी येता-जाता 'दोन, चार, सहा' म्हणवून घेतलं. दोन आठवड्यांत पन्नासपर्यंत पाठ झालं, मी खूश. मग एकदा कपड्यांच्या घड्या करताना सहा मोजे समोर पडले होते. म्हटलं, मोज बघू. तो एकेका मोज्यावर बोट ठेवत म्हणाला, "दोन, चार, सहा, आठ, दहा, बारा." सहाचे बारा झाले! त्याला हसण्यात अर्थ नव्हता. एक वस्तू, एक शब्द, हे मीच त्याला आधी शिकवलं होतं. ते त्याने इमानेइतबारे पाळलं, शब्द तेवढे नवे वापरले.

त्यानंतर तोंडाने म्हणणं मी बंदच केलं आणि फक्त जोड्या लावल्या. मोजे, चपला, बटणं, पेन्सिली, जे हाताला येईल ते. दहा-बारा वस्तू द्यायच्या, त्याच्याच हाताने दोन-दोनच्या जोड्या करायला लावायच्या, आणि पहिल्यांदा एकेक करूनच मोजायचं. पण एक हळू, दोन मोठ्याने, तीन हळू, चार मोठ्याने. प्रत्येक मोठा आकडा जोडीच्या दुसऱ्या वस्तूवर पडतो. काही दिवसांनी हळू आकडे नुसते ओठांत राहतात, मग तेही गळतात. आता मूल बोट एका वस्तूवर ठेवत नाही, अख्ख्या जोडीवर हात ठेवतं. हा हात बदलला की समजा काम झालं. दर वेळी शेवटी विचारा, "मग एकूण किती?" कधीतरी तिला एकापासून मोजून पडताळूही द्या. दोन्ही उत्तरं तीच येतात हे तिचं तिला दिसलं पाहिजे, आपण सांगून ते पटत नाही.

मग मुद्दाम तेरा बटणं द्या. आमच्याकडे बाराच्या पुढे थेट 'चौदा' आलं. उरलेलं एकटं बटणही दोनच्या भावाने गेलं! मी काही बोललो नाही, "त्याची जोडी कुठाय?" एवढंच विचारलं. तो थांबला, शोधलं, आणि मग "बारा... तेरा" म्हणाला. पाठ केलेलं मूल आणि समजलेलं मूल ओळखायची याहून सोपी परीक्षा मला माहीत नाही.

आता वीसनंतरचं. यात मुलांपेक्षा आपल्या संख्यानामांचा दोष जास्त. लिहिलेल्या अंकांत २, १२, २२, ३२, ४२ हा नमुना डोळ्यांना लगेच दिसतो. कानांना मात्र दोन, बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस ऐकू येतं. शिवाय 'बत्तीस' म्हणताना दोन आधी, तीस नंतर, आणि लिहिताना ३ आधी. त्यामुळे वीसच्या पुढचे टप्पे कागदावर शिकवा. १ ते १०० ची चौकट आखा, एका ओळीत दहा घरं, आणि दोनचे टप्पे रंगवायला द्या. पाच उभे पट्टे तयार होतात. शेवटी २, ४, ६, ८, ० हेच अंक पुन्हा पुन्हा येतात, हे ती स्वतःच सांगेल. पाचच्या टप्प्याला दोन उभे पट्टे, दहाच्या टप्प्याला एकच. तीनचे टप्पे रंगवले की तिरक्या रेघा पडतात. आमच्याकडे त्या रेघांचं इतकं कौतुक झालं की तीनने मोजणं शिकवण्याआधीच तीन चौकटी रंगवून झाल्या होत्या.

क्रम म्हणाल तर दोननंतर दहा, मग पाच. दहा, वीस, तीस, चाळीस ही नावं पाठच करावी लागतात, त्याला इलाज नाही. पाचसाठी हाताचा पंजा कागदावर ठेवून कडेने रेघ ओढा. असे आठ-दहा पंजे काढा, खाली ५, १०, १५ लिहा. दोन पंजे झाले की दहा, हे तिथेच दिसतं. घड्याळाचा मिनिटकाटा त्यानंतर घ्या, साठपर्यंत पाचने जाता येऊ लागल्यावर. आधी घेतलात तर दोन्हींचा गोंधळ होतो. तीन आणि चारची घाई नको.

दर वेळी दोनपासूनच सुरुवात करू नका. "चौदापासून पुढे जा" म्हणा, वीसपासून उलटं यायला सांगा, कधी ३, १३, २३ असं दहाने उडी मारत न्या. नुसतं पाठांतर असेल तर इथे लगेच उघडं पडतं.

पाढे कधी, हेही विचारलंय. 'बे त्रिक सहा' मध्ये टप्पा किती हे तर आहेच, शिवाय तो कितवा हेही आहे. 'दोन, चार, सहा' म्हणताना मूल दुसरा भाग मोजत नाही. म्हणून टप्पे म्हणताना दर टप्प्याला एक बोट उघडायला लावा. सहा म्हणताच थांबवा आणि विचारा, किती बोटं उघडली? तीन. मग "तीन जोड्यांत किती?" हे विचारून बघा. माझा मुलगा पहिल्यांदा बोटांकडे बघून "तीन" असंच म्हणाला होता. मोजे पुन्हा बाहेर काढावे लागले.