महापालिकेच्या ताळेबंदात रोकड शोधायची कुठं?

प्रश्न : महापालिकेच्या ताळेबंदात मालमत्ता भरपूर, राखीव निधी भरपूर, बँकेतही शिल्लक. तरी बिलं द्यायला पैसा नाही, असं का होतं? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : 31 मार्चची मालमत्ता म्हणजे मुख्यतः रस्ते, गटारी, जलवाहिन्या, इमारती. रस्ता विकून पगार होत नाहीत, म्हणून हा आकडा बाजूला ठेवा आणि संकेतांक (ताळेबंदातल्या प्रत्येक शीर्षाचा ठरलेला क्रमांक) 450, म्हणजे रोख व बँक शिल्लक, उघडा.

त्यातून तीन रकमा वजा करा : 320 मधलं अखर्चित अनुदान, 340 मधल्या ठेकेदारांच्या अनामती आणि 350 मधली देणी. या देण्यांतच पगारातून कापलेली पण अजून न भरलेली रक्कमही असते. समजा बँकेत 100 कोटी आहेत. अनुदान 60, अनामती 20, देणी 30. म्हणजे हाती उणे 10 कोटी! पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित निधीतून पाणी आणि स्वच्छतेचीच कामं करता येतात. त्यातून दिवाबत्तीचं बिल भरलं तर लेखापरीक्षणात आक्षेप ठरलेला.

खरी फसगत होते ती 'राखीव' या शब्दाशी. अनुदानातून टाकी बांधली की ती रक्कम 320 मधून 312 मध्ये, भांडवली अंशदान म्हणून जाते. पैसा टाकीत गेलेला असतो, 312 मध्ये उरते ती नुसती नोंद. पैसा असायला हवा तो 311 मधल्या विशेष निधींमागे, उदाहरणार्थ पेन्शन निधी. 311 शेजारी 421 मधली गुंतवणूक ठेवून पाहा. गुंतवणूक कमी असेल तर निधी एक तर रोजच्या खर्चात गेलाय किंवा कधी बाजूला काढलाच नव्हता.

घरपट्टीची थकबाकी 431 मध्ये सापडेल. ती दोन वर्षांपुढे गेली की टप्प्याटप्प्यानं आणि पाच वर्षांपुढे पूर्ण रकमेची तरतूद, म्हणजे बुडेल असं धरून वजा दाखवायची रक्कम, 432 मध्ये करायची असते. पाडलेल्या घरांची आणि दुबार नोंदींची मागणी रद्द केलीच नाही, तर हा आकडा उगाच फुगतो.

प्रश्न : उजनीच्या जलवाहिनीसारखं मोठं काम आणि स्मार्ट सिटीची कामं यात कुठं दिसतात?

उत्तर : काम चालू असेपर्यंत खर्च 412 मध्ये असतो, त्यावर घसारा, म्हणजे झिजेपोटी दरवर्षी खर्चात धरायची रक्कम, लागत नाही. पाणी सुरू झालं, पण पूर्णत्वाचा दाखला लेखा विभागात पोचलाच नाही, तर रक्कम तिथंच पडून राहते आणि वर्षाची तूट कमी दिसते. स्मार्ट सिटी ही वेगळी कंपनी असल्यानं तिचा ताळेबंदही वेगळा; महापालिकेच्या ताळेबंदात फक्त भागभांडवल दिसतं. कर्जं 330 आणि 331 मध्ये पाहा. कोर्टातले दावे मात्र टिपांमध्ये, संभाव्य दायित्वांखाली असतात.

हे सगळं नुसत्या ताळेबंदावरून कळत नाही, परिशिष्टं लागतात. माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांचा, प्रत पानाला 2 रुपये. बँक ताळमेळ पत्रकही (बँकेच्या आणि महापालिकेच्या नोंदींचा मेळ घालणारं) त्याच अर्जात मागा.