वाहनतळाची सवलत आणि रस्त्यावरची जागा

प्रश्न : गेल्या वर्षी मी इलेक्ट्रिक मोटार घेतली. युरोपातील काही शहरांनी अशा मोटारींना मिळणारी मोफत पार्किंगची सवलत गर्दीचे कारण देऊन काढून घेतल्याचे वाचनात आले. आमच्याकडे फुले मार्केट परिसरात सशुल्क वाहनतळाचा विषय निघतो, तेव्हा हिरव्या पाटीच्या गाड्यांना शुल्क माफ असावे असे मला वाटते. जो धूर करत नाही त्याच्याकडून पैसे का घ्यावेत?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : आपण पेट्रोल सोडून विजेकडे वळलात, ही गोष्ट मे महिन्यात पंचेचाळीस अंशांपर्यंत तापणाऱ्या आपल्या शहरासाठी मोलाची आहे आणि तिची कदर व्हायलाच हवी. मात्र ती वाहनतळाच्या शुल्कातून व्हावी, या मताशी आम्ही सहमत नाही. वाहनतळाचे शुल्क हा धुरावरचा दंड नसून ते सार्वजनिक जागेचे भाडे आहे. नेक्सॉन पेट्रोलवर चालणारी असो वा बॅटरीवर, तिची लांबी सुमारे चार मीटरच राहते आणि ती दुकानासमोर चार तास उभी राहिली, तर चार तास दुसऱ्या कोणालाही तिथे थांबता येत नाही.

नॉर्वेचा अनुभव या बाबतीत सर्वांत बोलका आहे. तेथे १९९९ पासून नगरपालिकांच्या वाहनतळांवर इलेक्ट्रिक मोटारी मोफत लावता येत. रस्त्यावर अशा गाड्या मोजक्याच होत्या तोवर या सवलतीचा भार कोणाला जाणवला नाही. पण त्यांची संख्या वाढत गेली, तशी मोफत जागा मिळवण्याची चढाओढही वाढली. २०१७ नंतर ही सरसकट माफी संपली आणि नगरपालिकांना नेहमीच्या दराच्या निम्म्यापर्यंत शुल्क घेण्याची मुभा मिळाली. त्यामुळे लोक इलेक्ट्रिक मोटारींकडे पाठ फिरवतील ही भीती खरी ठरली नाही, कारण २०२४ मध्ये तेथे विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकी जवळपास नऊ इलेक्ट्रिक होत्या. लंडननेही शहराच्या मध्यभागात शिरण्याच्या गर्दीशुल्कातून अशा मोटारींना दिलेली पूर्ण माफी डिसेंबर २०२५ मध्ये थांबवली. माफी अशीच राहिली तर गर्दी कमी करण्याचा मूळ हेतूच निष्फळ होईल, हे त्यामागचे कारण होते.

आपल्याकडे इलेक्ट्रिक मोटारी अजून थोड्या आहेत, मग आताच कशाला, असे आपण म्हणाल. परंतु एकदा दिलेली सवलत काढून घेणे हे ती मुळात न देण्यापेक्षा किती तरी अवघड असते, आणि आपल्या बाजारपेठांची अडचण तर आजचीच आहे. आखाजीच्या किंवा लग्नसराईच्या दिवसांत एरंडोल, धरणगाव, पाचोऱ्याहून आलेली कुटुंबे सुभाष चौकात सराफाकडे नाही तर फुले मार्केटात कापडखरेदीला येतात, तेव्हा त्यातली बहुसंख्य माणसे दुचाकीवर, रिक्षाने किंवा एस. टी. ने आलेली असतात. एका मोटारीच्या जागेत पाच-सहा दुचाकी सहज मावतात. अशा ठिकाणी मोटारीला जागा फुकट आणि स्कूटरवाल्याला पावती, हा न्याय आम्हाला पटत नाही. इलेक्ट्रिक मोटार परवडणारा माणूस त्या रस्त्यावरच्या सर्वांत गरजू माणसांपैकी नसतो, हे थोडे कटू असले तरी सांगणे भाग आहे.

कॅलिफोर्नियातील नगररचनेचे प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी आयुष्यभर एक सूत्र मांडले : शुल्क इतके असावे की प्रत्येक रस्त्यावर एक-दोन जागा नेहमी मोकळ्या राहतील. जागा चटकन मिळाली की तिच्या शोधात गल्लीबोळांत घिरट्या घालणाऱ्या गाड्या कमी होतात, आणि बाजारातल्या कोंडीत या घिरट्यांचा वाटा मोठा असतो. पहिला अर्धा तास अल्प दर आणि पुढे चढता दर ठेवल्यास गिऱ्हाईक अडत नाही. दिवसभर गाडी उभी करणारा दुकानदार किंवा नोकरदार मात्र दूरचा वाहनतळ निवडतो. अर्थात, मंजूर नकाशात वाहनतळ म्हणून दाखवलेल्या तळघरांत जिथे दुकाने वा गोदामे थाटली गेली आहेत, तिथे ती मोकळी केल्याशिवाय केवळ रस्त्यावर पावत्या फाडणे नागरिकांवर अन्यायकारक ठरेल.

आपल्या निवडीचे उत्तेजन अन्यत्र मिळते आणि ते मिळत राहावे. इलेक्ट्रिक वाहनांवर जीएसटी ५ टक्केच आहे, तर राज्याच्या २०२५ च्या धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक मोटारींना पथकर माफ केला आहे. या सवलतींमुळे बाजारातील कोणाची जागा अडत नाही.

प्रश्न : वाहनतळातच चार्जिंगची सोय असेल, तर विजेचे आणि जागेचे असे दोन्ही पैसे द्यावेत का?
— एक वाचक, धुळे

उत्तर : चार्जिंग सुरू असेपर्यंत फक्त विजेचे पैसे घ्यावेत आणि ते संपल्यावरही गाडी तिथेच राहिली तर जागेचे शुल्क लागू व्हावे, असे आम्हाला वाटते; अन्यथा मागचा माणूस ताटकळत राहतो. मात्र बाजारातील वाहनतळात जलद चार्जरच बसवावेत. ३० युनिटची बॅटरी घरगुती ३.३ किलोवॉटच्या चार्जरवर भरायला नऊ-दहा तास लागतात, आणि आग्रा रोडसारख्या पेठेत एका गाडीने एवढा वेळ जागा धरून ठेवणे परवडणारे नाही. ते काम रात्री घरी व्हावे.